कासिसच्या निकालाचा अर्थ ‘कुठलाही माल कुठेही’ असा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युरोपच्या सामायिक बाजारपेठेवर मराठीत काही छापून आले की एक वाक्य हमखास वाचायला मिळते: ‘एका सदस्य देशात विकायला परवानगी असलेला माल बाकी सगळ्या देशांत आपोआप विकता येतो.’ दाखला म्हणून कासिस द दिजाँ या फ्रेंच मद्याचे आणि १९७९ च्या न्यायालयीन निकालाचे नाव घेतले जाते. हे वाक्य अर्धेच खरे आहे. फळांचे लिक्युअर आणून विकू पाहणाऱ्याने ते पूर्ण खरे धरले तर त्याचा माल गोदामातच अडकतो. म्हणून हा जरा लांबलेला खुलासा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘लिकर’ म्हटले की कुठलीही दारू डोळ्यांपुढे येते. इथे विषय लिक्युअरचा आहे. मद्यार्कात फळ, साल, बी किंवा वनस्पती मुरवायची आणि भरपूर साखर घालून ते गोड करायचे, हे लिक्युअर. कासिस म्हणजे ब्लॅककरंट, वाटाण्याएवढे काळे आंबट फळ. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या दिजाँ शहरात १८४१ पासून त्याचे लिक्युअर तयार होते. फळ फोडून मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणात काही आठवडे मुरू देतात, अर्क काढून घेतात, चोथा पिळतात आणि शेवटी साखर विरघळवतात. फळाचा वास आणि रंग टिकावा म्हणून आच दाखवत नाहीत. तयार मद्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असते. सगळा वाद या आकड्यावरूनच पेटला.

पश्चिम जर्मनीत मद्यार्कावर सरकारी मक्तेदारी होती. १९२२ चा मक्तेदारी कायदा आणि १९५८ ची नियमावली यांनुसार फळांच्या लिक्युअरमध्ये किमान २५ टक्के मद्यार्क हवा होता. कलोनच्या रेवे-त्सेंट्राल कंपनीने १४ सप्टेंबर १९७६ रोजी कासिस आणण्यासाठी परवानगी मागितली. तीनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, ओफेनबाखच्या मक्तेदारी प्रशासनाचे उत्तर आले: आयातीला परवानगी लागतच नाही, पण हा माल जर्मनीत विकता येणार नाही, कारण त्यात मद्यार्क कमी पडतो. म्हणजे सीमेवर कुणी अडवणार नव्हते, दुकानात मात्र बाटली ठेवायची सोय नव्हती. आयात आणि विक्री या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, ही या प्रकरणातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट. आजही आयातदार फसतो तो बहुतेक दुसऱ्या पायरीवर.

‘मग कासिसवाल्यांनी मद्यार्क थोडा वाढवायचा होता, काय बिघडले असते?’ असा प्रश्न सहज मनात येतो. बाटलीपुरता हिशेब करून पाहू. एक लिटर कासिस घ्या, मद्यार्क २० टक्के, साखर ४०० ग्रॅम. त्यात २०० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आहे, आणि विरघळलेल्या साखरेनेच जवळपास २५० मिलिलिटर जागा व्यापली आहे. उरलेल्या जागेत फळाचा रस आणि पाणी. हे मद्य २५ टक्क्यांवर न्यायचे तर ९६ टक्क्यांचा मद्यार्क सुमारे ७० मिलिलिटर ओतावा लागतो. मिसळताना आकारमान किंचित आकसते, ते इथे सोडून दिले आहे. आता द्रव झाला १,०७० मिलिलिटर, साखर मात्र तेवढीच, म्हणून तिचे प्रमाण लिटरला ३७४ ग्रॅमवर उतरते. फळाचा अर्कही त्याच मापाने पातळ होतो. १६ टक्क्यांच्या कासिसपासून सुरुवात केली तर सुमारे १२७ मिलिलिटर मद्यार्क लागतो आणि साखर ३५५ ग्रॅमवर येते. आजच्या युरोपीय नियमाप्रमाणे क्रेम द कासिस म्हणवून घ्यायला लिटरला किमान ४०० ग्रॅम साखर लागते. म्हणजे जर्मन अट पाळायला गेलेली बाटली आजच्या मापाने स्वतःचे नावच गमावून बसली असती. मग वरून आणखी साखर घाला, आणखी फळ मुरवा, आणि एवढे करून हाती येते ते वेगळ्याच चवीचे मद्य.

प्रकरण हेसेनच्या वित्त न्यायालयाने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे सोपवले. खटला क्रमांक १२०/७८, निकालाची तारीख २० फेब्रुवारी १९७९. जर्मन सरकारची बाजू दोन मुद्द्यांवर उभी होती आणि दोन्ही मुद्दे नीट समजून घ्यायला हवेत, कारण कुठलाही नियामक आजही याच दोन गोष्टी सांगतो.

पहिला मुद्दा आरोग्याचा. कमी तीव्रतेची मद्ये बाजारात वाढली की लोकांना दारूची सवय अधिक सहज लागते, असे म्हणणे होते. न्यायालयाने उत्तर दिले की सौम्य आणि मध्यम तीव्रतेची असंख्य पेये बाजारात आधीच आहेत, शिवाय कडक मद्यांतलाही मोठा भाग लोक पातळ करूनच पितात. कासिसचा नेहमीचा वापर पाहिला तर हे लगेच पटते. बर्गंडीत ते व्हाइट वाइनमध्ये घालून पितात, त्याला कीर म्हणतात. दिजाँचे महापौर फेलिक्स कीर यांच्यावरून पडलेले हे नाव. २० मिलिलिटर कासिस आणि १०० मिलिलिटर वाइन असा पेला भरला आणि वाइन १२ टक्क्यांची धरली, तर २० टक्क्यांच्या कासिसने पेल्यात १६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो, २५ टक्क्यांच्या कासिसने १७. सगळा कायदा त्या एका मिलिलिटरसाठी राबत होता, आणि तोही मद्यार्क वाढवण्याच्या बाजूने.

दुसरा मुद्दा व्यापारातल्या सचोटीचा, आणि तो पोकळ नव्हता. मद्यातला सर्वांत महाग घटक म्हणजे मद्यार्क, कारण कर त्याच्यावर बसतो. ज्याच्या बाटलीत मद्यार्क कमी, त्याचा कर कमी, म्हणून तो स्वस्त विकू शकतो. मग प्रत्येक जण आपली बाटली पातळ करत जाईल आणि शेवटी सगळ्यांत ढिला नियम असलेल्या देशाचे माप सगळ्यांच्या गळ्यात पडेल, ही भीती होती. आजच्या दराने पाहा. जर्मनीत शुद्ध मद्यार्काच्या एका हेक्टोलिटरवर, म्हणजे १०० लिटरवर, १,३०३ युरो कर आहे. ७०० मिलिलिटरच्या बाटलीवर २५ टक्क्यांना २ युरो २८ सेंट बसतात, १५ टक्क्यांना १ युरो ३७ सेंट. बाटलीमागे ९१ सेंटांचा फरक, तोही मूल्यवर्धित कर लावण्याआधी. घाऊक व्यापारात हा लहान आकडा नाही.

यावर न्यायालय म्हणाले की सचोटी राखायला किमान प्रमाणाची सक्ती लागत नाही. मूळ ठिकाण आणि मद्यार्काचे प्रमाण लेबलवर छापायला लावले की ग्राहक स्वतः ठरवेल. म्हणजे निकालाचा सारा भार लेबलवर आहे. ‘कुठेही विका’ असे मोकळे सोडून दिलेले नाही. करवसुलीवरची देखरेख, सार्वजनिक आरोग्य, व्यवहारातली सचोटी आणि ग्राहकाचे संरक्षण या कारणांसाठी देश नियम करू शकतो, हेही त्याच निकालात लिहिले आहे. फक्त तो नियम खरोखर गरजेचा आहे हे देशाने दाखवावे लागते, आणि त्याहून हलका उपाय पुरत असेल तर जड उपाय टिकत नाही. ‘कायदेशीररीत्या तयार होऊन एका सदस्य देशात विकला जाणारा माल’ हे शब्द निकालात आहेत, पण ते ‘सबळ कारण नसेल तर’ या अटीला बांधलेले आहेत. मराठी वाक्यातून नेमकी ही अट गळते.

ती गळाल्यावर काय होते याचा सर्वांत ढळढळीत नमुना स्वीडनमध्ये आहे. तिथे किरकोळ विक्रीसाठी बाटलीबंद लिक्युअर जवळजवळ फक्त सिस्तेमबोलागेत या सरकारी दुकानांत मिळते. १९९७ च्या फ्रान्सेन खटल्यात युरोपीय न्यायालयाने ही किरकोळ मक्तेदारी वैध ठरवली, आयात आणि घाऊक व्यापाराच्या परवान्यांची पद्धत मात्र नियमबाह्य ठरवली. तेव्हा फ्रान्समध्ये राजरोस विकले जाणारे कासिस स्वीडनमध्ये घाऊक व्यापारी आणू शकतो, पण कोपऱ्यावरच्या आपल्या दुकानात ठेवू शकत नाही. माल कसा असावा याचे नियम एका बाजूला, आणि तो कुठे, केव्हा, कुणाला विकावा याचे नियम दुसऱ्या बाजूला, ही विभागणी १९९३ च्या ‘केक’ नावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दिलेल्या निकालापासून पक्की झाली आहे. जर्मनीतही १८ वर्षांखालच्या व्यक्तीला लिक्युअर विकता येत नाही, आणि ‘आमच्या देशात चालते’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

आता एक बाब, जी लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. आज कासिस विकायला कासिसचा निकाल लागतच नाही. १९८९ च्या युरोपीय नियमाने लिक्युअरची व्याख्या सगळ्या सदस्य देशांसाठी एकच केली आणि आता २०१९/७८७ हा नियम लागू आहे. मद्यार्क किमान १५ टक्के. साखर सर्वसाधारणपणे लिटरला किमान १०० ग्रॅम, फळाच्या नावाने ‘क्रेम द’ म्हणायचे तर २५० ग्रॅम, क्रेम द कासिसला ४०० ग्रॅम. ‘कासिस द दिजाँ’ हे भौगोलिक नाव आहे, दुसरीकडे तयार झालेल्या मालाला ते लावता येत नाही आणि लेबलवर त्याचे भाषांतर करता येत नाही. परस्पर मान्यतेचे तत्त्व, म्हणजे कासिसचा वारसा, उपयोगी पडते ते असा सामायिक नियम नसलेल्या मालाला. समजा फळाचे गोड पेय १२ टक्क्यांचे आहे. त्याला लिक्युअर म्हणता येणार नाही. वेगळ्या वर्णनाने ते एका देशात कायदेशीर विकले जात असेल, तर दुसऱ्या देशात २०१९/५१५ या नियमाचा आधार घेता येतो. हा नियम १९ एप्रिल २०२० पासून लागू आहे. उत्पादकाने घोषणापत्र आधीच तयार ठेवावे: मालाचे वर्णन, तो कुठल्या देशात कोणत्या नियमाखाली विकला जातो आणि तशा विक्रीचा पुरावा, उदाहरणार्थ बिल. घोषणापत्र सक्तीचे नाही. पण अधिकाऱ्याने मागितल्यावर ते आणि पुरावे द्यायला किमान १५ कामाचे दिवस मिळतात, आणि कागद तयार नसले तर हे दिवस भराभर निघून जातात.

मद्यार्क मोजताना जी चूक होते ती इतकी साधी आणि इतकी महाग आहे की तिच्यावर थोडे थांबायलाच हवे. साधा मद्यार्कमापक थेट लिक्युअरमध्ये सोडला तर आकडा खोटा येतो. हे उपकरण घनतेवरून मद्यार्क ओळखते. मद्यार्क द्रव हलका करतो आणि साखर जड करते. लिटरला ४०० ग्रॅम साखर असलेले कासिस पाण्याहून जड असते, त्यामुळे मापक वर तरंगतो आणि मद्यार्क जणू नाहीच असे दाखवतो. म्हणून आधी ऊर्ध्वपातन करावे लागते. २० अंश सेल्सिअसला नमुना अचूक मापाच्या चंबूत भरायचा आणि ऊर्ध्वपातनाच्या चंबूत ओतायचा. पाकासारखा द्रव काचेला चिकटून राहतो, म्हणून मापाचा चंबू थोड्या थोड्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून ते पाणीही आत टाकायचे. हे विसरले की आकडा कमी येतो. आच मंद ठेवायची, नाहीतर साखर तळाला करपते. थंड करणारे पाणी पुरेसे गार हवे, वाफ निसटली तरी आकडा कमीच येतो. जमलेला द्रव पुन्हा २० अंशांवर आणून ऊर्ध्वपातित पाण्याने मूळ मापाइतका करायचा, आणि मग घनता मोजायची. लेबलवर १५.५ छापलेल्या बाटलीचा निष्काळजी चाचणीत १४.८ आला, तर नसलेला दोष मालाच्या माथी बसतो.

इथेच एक गैरसमज पसरलेला आहे. फळे किंवा वनस्पती मुरवलेल्या पेयांसाठी लेबलवरच्या आकड्यात दीड टक्क्याची सूट आहे. बाकी बहुतेक मद्यांना ती फक्त ०.३ टक्के आहे. पण ही सूट छापलेल्या आकड्यापुरती. १५ टक्क्यांची किमान अट वेगळी आहे आणि तिला ही सूट लागत नाही. १६ छापले आणि खरोखर १४.८ निघाले, तर छापील आकडा सुटीत बसतो, तरीही ते पेय लिक्युअर राहत नाही. शहाणा उत्पादक म्हणूनच अगदी १५ वर न थांबता थोडी जास्त पातळी ठेवतो.

लेबलाचे बाकीचे थोडक्यात सांगतो. नाव, मद्यार्काचे प्रमाण आणि निव्वळ आकारमान ही तिन्ही बाटली न फिरवता एका नजरेत दिसली पाहिजेत. मद्यार्काच्या आकड्यात दशांशानंतर जास्तीत जास्त एक अंक. लिक्युअरला घटकांची यादी सक्तीची नाही, पण ॲलर्जी आणणारे घटक लिहावेच लागतात. बॅचचा क्रमांक हवा, आणि युरोपीय संघातल्या जबाबदार व्यावसायिकाचे नाव-पत्ता हवा, माल बाहेरून आला असेल तर आयातदाराचा. मजकूर विक्रीच्या देशातल्या ग्राहकाला सहज समजेल अशा भाषेत. बाटलीचे मापही ठरलेले आहे: १००, २००, ३५०, ५००, ७००, १,०००, १,५००, १,७५० आणि २,००० मिलिलिटर. ७५० मिलिलिटरची बाटली या यादीत नाही. वाइनची नेहमीची बाटली ७५० ची असते, म्हणून पुष्कळांना ते माप चालेलसे वाटते. त्या बाटलीत भरून आलेल्या लिक्युअरला दुसरे लेबल लावून सुटका होत नाही.

कराचे कागद वेगळेच. कर न भरलेला माल फ्रान्समधल्या करमुक्त गोदामातून निघून जर्मनीतल्या अधिकृत गोदामात किंवा नोंदणीकृत प्राप्तकर्त्याकडे जातो. आधी सीमाशुल्क कार्यालयाकडून प्राप्तकर्त्याची परवानगी घ्यावी लागते, तारण द्यावे लागते, मग पाठवणारा संगणकीय दस्तऐवज उघडतो आणि त्या खेपेला २१ अक्षर-अंकांचा संदर्भ क्रमांक मिळतो. तो खेपेबरोबर असावाच लागतो. माल पोहोचल्यावर जास्तीत जास्त पाच कामाच्या दिवसांत पोहोच-अहवाल द्यायचा. फुटलेल्या किंवा कमी आलेल्या बाटल्या त्याच अहवालात लिहायच्या. ‘नंतर कळवू’ म्हटले की न आलेल्या बाटल्यांच्या करावरून प्रश्न उभा राहतो. कर भरून झालेला माल विक्रीसाठी दुसऱ्या देशात नेण्याची वाट निराळी आहे. १३ फेब्रुवारी २०२३ पासून तीही संगणकीय झाली आणि दोन्ही टोकांना प्रमाणित व्यावसायिक लागतात. मालाचा सीमाशुल्क-सांकेतांक लिहितानाही जपावे. मद्यार्कात मुरवलेले लिक्युअर २२०८ ७० खाली येते. फळ आंबवून केलेले गोड पेय २२०६ खाली जाते, आणि त्याच्या कराचा हिशेब वेगळा आहे.

साठवणुकीचे एवढेच की साखर आणि मद्यार्क मिळून हे मद्य नासू देत नाहीत, पण कासिसचा गडद जांभळा रंग ऊब, उजेड आणि हवा यांनी तपकिरी पडतो आणि त्याबरोबर ताज्या फळाचा वासही उतरतो. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमधल्या खेपेतला एक नमुना पांढऱ्या कागदासमोर धरून आधीच्या खेपेशी ताडून पाहावा. फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, हे दुकानदाराने ग्राहकाला सांगावे. झाकणाच्या आट्यांवर वाळलेली साखर पुसून घेतली नाही तर झाकण चिकटून बसते आणि पुढे घट्ट लागत नाही.

कासिसचा निकाल मोठा आहे यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. ‘आमच्याकडे अशीच रीत आहे’ एवढ्यावर परका माल अडवण्याची सोय त्याने संपवली. पण त्या निकालाने उत्पादक, कर अधिकारी आणि दुकानदार यांच्यावरची कामे कमी केली नाहीत. म्हणून आमची विनंती एवढीच की यापुढे हे वाक्य छापताना असे छापावे: ‘एका सदस्य देशात कायदेशीररीत्या विकला जाणारा माल दुसऱ्या देशाला सबळ कारण दाखवल्याशिवाय अडवता येत नाही, कर, लेबल आणि विक्रीचे स्थानिक नियम मात्र लागू राहतात.’ जुन्या वाक्याहून हे फार लांब नाही, स्तंभात सहज मावेल.

आपले,
आयात, अबकारी आणि लेबलांच्या कामाशी संबंधित काही वाचक